मिस्टरांना पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे

"वडिलांची सही लागेल. पाठवा त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटं! परवा एका शाळेच्या खिडकीतून एका फौजीच्या मुलाचा पाचवीच्या प्रवेशाचा फॉर्म परत आला तो हे वाक्य घेऊनच, आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. फॉर्मवर वडिलांच्या पत्त्यात '५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता लिहिलाय, ते वाचायचेही कष्ट नकोत. मिस्टर फील्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर आहेत, ताई. ते पाच मिनिटांसाठी यायचे म्हणजे आधी सुट्टी मंजूर व्हायला हवी. मग चौकीवरून रोडहेडला, म्हणजे गाडीरस्ता लागतो तिथवर उतरायचं, तिथून ट्रान्झिट कॅम्प. बर्फ पडत असेल तर मौसम उघडेपर्यंत तिथेच मुक्काम. मग जम्मू, आणि मग झेलम एक्सप्रेसमध्ये दोन रात्री. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी, तीही युनिटला जमेल तेव्हा. त्यातले सात-आठ दिवस एका सहीवर घालवायचे? आणि सही करून ते परत गेले की शाळेचा पुढचा फोन कुणाला? आईला. ताप आला, आई. फी राहिली, आई. पालकसभा, आई. पोराने वर्गात कुणाला ढकललं, 'आईला ताबडतोब पाठवा'. वर्षभर आई चालते, प्रवेशाच्या दिवशी तेवढी तिची सही चालत नाही.

वर 'नियम आहे' म्हणतात. कुठला नियम, दाखवा ना! १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' असे शब्द आहेत, कबूल. पण त्या 'नंतर'चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच लावून दिलाय, गीता हरिहरन खटल्यात. 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच, असं नाही. वडील मुलाचा सांभाळ करायला हजर नसतील, तेव्हा आईच नैसर्गिक पालक. तो खटला उभा राहिला कशावरून? आईला पालक दाखवून मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तर वडिलांची सही आणा म्हणून परत पाठवला. तंतोतंत आपली खिडकी! पंचवीस वर्षं उलटून गेली तरी ती खिडकी तिथेच आहे. मुलाचा पासपोर्ट काढायचा आणि वडिलांची संमती मिळू शकत नाही, तर आईने एकटीने परिशिष्ट सी भरून अर्ज करायची सोय आहे. पोराला परदेशी न्यायला आईची सही पुरते आणि पाचवीच्या वर्गात बसवायला पुरत नाही?

म्हणूनच प्रत्येक फौजीच्या घरात ती फाइल असते. मिस्टर फील्डला निघायच्या आदल्या रात्री दहा-बारा कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायच्या. प्रत्येक कागदाच्या अगदी खाली, वर जागा सोडून, कारण मजकूर किती येईल ते माहीत नसतं. हे धोक्याचं आहे हे काय आम्हाला कळत नाही? फाइल हरवली तर? पण करायला लागतं. त्यापेक्षा युनिटच्या शिक्क्यासकट अधिकारपत्र घ्यावं, तर त्यावर शाळा विचारते, 'हे इंग्रजीत काय आहे?'

आणि दाखला! बाहेरच्या राज्यातल्या टीसीवर जन्मस्थान नाही, जात नाही, म्हणून आपल्याकडचा क्लार्क तो उलटसुलट करून बघत बसतो. मग म्हणतो, तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणा. तिकडे म्हणजे जोधपूरला! आता तर पेन नंबर आलाय, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक. जुन्या शाळेने यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकलं नाही तर नव्या शाळेला त्याला आत घेताच येत नाही. पोस्टिंग येतं मे महिन्यात, तेव्हा जुन्या शाळेला कुलूप. बायांनो, टीसी हातात घेताना त्याच टेबलावर उभं राहून ड्रॉपबॉक्स करून घ्या आणि पेन नंबर टीसीच्या मागे लिहून घ्या. 'नंतर करतो' म्हणाले की तिथून हलू नका. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं, पण ते सरकारी आणि अनुदानित शाळांपुरतं. कॅन्टोन्मेंटच्या आसपास असतात त्या खासगी विनाअनुदानित शाळा नेमक्या त्यातून सुटतात.

मराठीचं तर बोलूच नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं, व्हायलाच हवी होती. पण केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजी शिकत आलेलं पोर पाचवीत पहिल्यांदा मराठीचं पुस्तक उघडतं, तेव्हा बाई सगळ्यांदेखत विचारतात, 'घरी आई मराठी बोलत नाही का?' बोलते हो! पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये शेजारी एक पंजाबी आणि एक मल्याळी कुटुंब असताना आई एकटीच त्याच्याशी मराठी बोलते. बाराखडी तिने शिकवली, ळ तिने घोटून घेतला. दोष मात्र तिचा.

लग्न झाल्याबरोबर आपलं नावच जातं. युनिटमध्ये आपण 'फॅमिली'. 'फॅमिली आणली का?', 'फॅमिलीला स्टेशनवरून घ्या.' एकटी बाई बॅग घेऊन उभी असते, तिला फॅमिली म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही, कधीच झाला नाही. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिट जवानाच्या घरच्यांची नोंद करतं त्या कागदात, क्लार्कने नावापुढे 'देवी' किंवा 'बाई' जोडलं की ते जन्मभर चिकटतं. आधारवर एक, पॅनवर एक, रेकॉर्डमध्ये तिसरंच. दुरुस्त करायचं तर प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, मग युनिटकडून नवी पार्ट टू ऑर्डर, मग बेळगाव नाहीतर नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसकडे वाट बघत बसायचं. आणि हे आत्ताच करा! पेन्शनच्या वेळी स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर नाव जुळलं नाही की कुटुंबनिवृत्तिवेतन अडकतं, आणि तेव्हा सही करायला मिस्टर नसतात.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचं नाव वडिलांच्या आधी घातलंय. ऐकून बरं वाटलं होतं. आता ते मूल फौजीचं असेल तर जन्मदाखल्यावर आईचं नाव मध्ये, आणि पार्ट टू ऑर्डर करताना क्लार्कने जुन्या सवयीने ते गाळलं तर डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड सगळ्यांवर वेगळं नाव. नावनोंदणीच्या आधी जन्मदाखल्याची प्रत मिस्टरांना पाठवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

त्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असाही रकाना होता. मुलाची आई नर्स आहे. दर पोस्टिंगला राज्य बदललं की जुन्या राज्याच्या नर्सिंग परिषदेचं ना-हरकत आणा, नव्या परिषदेत नोंदणी करा, फी भरा. नोंदणी हातात येईपर्यंत पोस्टिंगचं एक वर्ष संपलेलं असतं, आणि नोकरी लागेपर्यंत पुढच्या बदलीची मूव्हमेंट ऑर्डर. खिडकीतल्या बाईंनी न विचारताच पेन्सिलने 'गृहिणी' लिहिलं होतं.

ते खोडून नर्स लिहिलंय. सोमवारी अकरा वाजता फॉर्म परत त्याच खिडकीत जाणार आहे, १९९९ च्या निकालाची प्रत जोडून. पालकाच्या सहीच्या जागी आईची सही आहे. नाही घेतला तर नकार लेखी द्या, शाळेच्या शिक्क्यासकट.