मु. पो. हॉल, बॉस्टन

अमेरिकेत एमएसला जायचं म्हणजे जीआरईची परीक्षा, एसओपी नावाचा 'मला का घ्या' निबंध आणि व्हिसा, एवढं पार पडलं की विमानात बसायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा थांबा. ते सगळं झाल्यावर दोन गोष्टी ठरवायच्या असतात, शिकायचं काय आणि झोपायचं कुठे, आणि दोन्ही ठरवायच्या सांगलीत बसून, जुलैच्या पावसात, वीज असेल तेव्हा.

कोर्सचं आधी सांगते. आमचं रजिस्ट्रेशन तिकडे सकाळी नऊला उघडणार, म्हणजे इकडे संध्याकाळी साडेसहाला. मी सव्वासहापासून लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट, शेजारच्यांचा वायफाय पासवर्ड असं सगळं मांडून बसले होते, बरोबर साडेसहाला क्लिक केलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी, 'होल्ड', म्हणजे रजिस्ट्रेशन अडवलंय. का? तर लसी. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉलेजला जायचं तर गोवर, गालगुंड, रुबेला, धनुर्वात, घटसर्प, कावीळ बी, कांजिण्या या सगळ्याचा लेखी पुरावा द्यावा लागतो, तो दिल्याशिवाय आमची सिस्टिम मशीन लर्निंग सोडा, साधी लायब्ररीची ओळख पण शिकवायला तयार नाही.

मग आईने माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात माझं जावळ, बारशाच्या पत्रिका, बंद पडलेलं घड्याळ आणि सगळ्यात खाली ते पिवळं कार्ड. त्यावर वजनाचा आलेख होता, पोलिओच्या तारखा होत्या, एका कोपऱ्यात वरणाचा डाग होता आणि ज्या रकान्यात रुबेला हवं तिथे डॉक्टरांनी काहीतरी वळवळीत लिहिलेलं, जे रुबेला असू शकतं किंवा 'उद्या या' पण असू शकतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, "अगं हे माझंच अक्षर, पण मलाही लागत नाही." शेवटी रक्त तपासून अँटिबॉडीज आहेत असा रिपोर्ट घेतला, राहिलेली इंजेक्शनं दंडात घेतली आणि पीडीएफ अपलोड केली. होल्ड निघेपर्यंत मशीन लर्निंग फुल, डीप लर्निंग फुल, आणि वेटलिस्टवर माझ्यापुढे एवढी माणसं की सगळ्यांना एकदम कांजिण्या आल्या तरच माझा नंबर लागावा.

बरं, ऑनलाइन कोर्स घेऊ म्हटलं तर त्यालाही नियम. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर फुल टाइम मोजताना एका सेमिस्टरमध्ये एकच ऑनलाइन कोर्स धरतात, बाकीच्यांना वर्गात जाऊन बसलंच पाहिजे. सीनियर लोकांना विचारावं तर एक म्हणतो अल्गोरिदम्स पहिल्याच सेममध्ये उरकून टाक, दुसरी म्हणते पहिल्या सेममध्ये अल्गोरिदम्स घेतलंस तर रडशील, तिसरा काहीच बोलत नाही, नुसती प्रोफेसरच्या रेटिंगची लिंक पाठवतो. शेवटी मला हवा असलेला एकच कोर्स मोकळा दिसला, नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, म्हणजे कम्प्युटरला माणसांची भाषा शिकवायची, गुरुवारी संध्याकाळी सहा ते सव्वानऊ. मोकळा का होता ते वेळ बघूनच कळलं. पण मी घेतला.

आणि इथे घराचं प्रकरण कोर्सच्या प्रकरणात घुसलं. कारण तोवर मी बॉस्टनबाहेर माल्डनमध्ये एक स्वस्त रूम बघून ठेवली होती, मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत. पप्पांनी मॅप उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच प्रश्न विचारला, "सव्वानऊला क्लास सुटणार, मग घरी किती वाजता?" मी म्हटलं साडेदहा. "आणि जानेवारीत?" जानेवारीत बर्फ असतो हे त्यांना माहीत होतं, मला वाटलं होतं त्यांना माहीत नसेल. माल्डन बाद.

तर आता कॉलेजजवळचं घर. बॉस्टनमध्ये बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरलाच सुरू होतात, जुने ऑगस्टअखेर बाहेर, नवे एक तारखेला आत, अर्धं शहर एकाच दिवशी रस्त्यावर. ऑलस्टन भागात त्या दिवशी फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलांचा खच पडतो, त्याला 'ऑलस्टन ख्रिसमस' म्हणतात, हवं ते फुकट न्या, ढेकणांसकट. आणि दरवर्षी कोणीतरी भाड्याचा ट्रक घेऊन स्टॉरो ड्राइव्हवर शिरतो, तिथले पूल बुटके, आणि ट्रकचं छप्पर तिथेच राहतं. बोर्ड लावलेले असतात बरं का. हार्वर्ड-एमआयटीच्या शेजारी पण बोर्ड कोणी वाचत नाही हे वाचून मला फार धीर आला.

आमचं ओरिएंटेशन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, चावी मिळणार १ सप्टेंबरला, म्हणजे मधले दिवस कुणाच्या तरी कार्पेटवर. त्याला तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'टेम्पररी' म्हणतात. 'परमनंट' म्हणजे वर्षभराचं, त्यात 'प्रायव्हेट', 'शेअरिंग' आणि 'हॉल' अशी उतरती भाजणी. मला मिळालं ते कॉलेजजवळच्या मिशन हिल भागातलं दोन बेडरूमचं घर, भाडं ३६०० डॉलर. दोन्ही बेडरूममध्ये दोघी-दोघी, प्रत्येकी ७६०. हॉलमध्ये एक, ५६०. मी ५६० बघितलं आणि बाकी काही बघितलं नाही.

म्हणजे व्हिडिओ कॉलवर बघितलं तसं. तिथे राहणाऱ्या मुलीने फोन फिरवला, दोरीवर एक बेडशीट टांगलेलं, निळं, मोरांचं, पलीकडे जमिनीवर गादी, उशाशी तांदळाची गोणी, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. "ये तुम्हारा रूम," ती म्हणाली. खिडकी कुठंय विचारलं तर फोन वळला, खिडकी होती, समोर हातभर अंतरावर विटांची भिंत. "हीट इन्क्लूडेड है," ती लगेच म्हणाली, म्हणजे थंडीतल्या हीटिंगचा खर्च भाड्यातच. बॉस्टनमध्ये हे वाक्य आलं की पुढे काही विचारायचं नसतं.

मग पैसे. पहिला महिना, शेवटचा महिना, डिपॉझिट आणि ब्रोकरची फी, असं सही करतानाच चार महिन्यांचं भाडं. १४,४०० डॉलर. पप्पांनी ८६ ने गुणलं, साडेबारा लाखांच्या आसपास आले, आणि काही वेळ ते फक्त पंख्याकडे बघत होते. मी म्हटलं पाचजणींत ज्याच्या त्याच्या भाड्याप्रमाणे वाटून माझे दोन लाखांच्या आत. ब्रोकरला ज्याने बोलावलं त्यानेच त्याची फी द्यायची असा कायदा तिथे आला, १ ऑगस्ट २०२५ पासून. आमच्या सह्या जुलैत झाल्या. आमचं नशीब कायद्याच्याही आधी पोचतं.

करार पप्पांनी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचला. माझा विश्वास नव्हता पण त्यांनी नेमकं ते कलम धरलं, की पाचही जणी एकत्र आणि स्वतंत्रपणे जबाबदार, म्हणजे एक पळाली तर उरलेल्यांनी भरायचं. "हे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिल्यासारखं झालं," ते म्हणाले, आणि सांगली जिल्ह्यात जामीन राहिलेला माणूस हे ज्या आवाजात म्हणतो त्याच आवाजात म्हणाले. मग त्यांनी बाकीच्या चौघींच्या वडिलांशी व्हिडिओ कॉल करायचा हट्ट धरला. हैदराबादचे काका, इंदूरचे अंकल, नागपूरचे काका आणि कोईम्बतूरचे एक सर, ज्यांना हिंदी येत नव्हतं. पण मुलींचं भाडं या विषयावर पाच बापांना भाषा लागत नाही. शेवटी पाचही जणांनी मान डोलावली आणि मी पैसे ट्रान्सफर केले.

त्याच रात्री हैदराबादवालीने ग्रुपवर एक्सेल शीट टाकली, कामांच्या वाटणीची. बाथरूम, किचन, कचरा, किराणा, सगळ्यांची नावं आठवड्याप्रमाणे फिरती. पप्पा माझ्या खांद्यावरून वाचत होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "जिन्यावरचा बर्फ. हे कोणाकडे? इथे नावच फिरत नाहीये." मी ग्रुपवर विचारलं. लगेच उत्तर आलं.

"जो हॉल में सोता है. दरवाज़े के सबसे पास वही है ना."