'जुनो' बघून पोरी बिघडतात म्हणणाऱ्यांनो, आधी पिक्चर तरी बघा

देवळाच्या ग्रुपवर, बिल्डिंगच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, जिथे बघावं तिथे एकच फॉरवर्ड फिरतोय. "सावधान पालकहो" असं सुरू होतो. म्हणे 'जुनो' नावाचा अमेरिकन कॉमेडी पिक्चर मुलं मोबाईलवर बघतात, त्यात 16 वर्षांची मुलगी गरोदर राहते आणि सगळे हसतात, तो बघून तिकडे एका शाळेतल्या 17 मुली ठरवून गरोदर राहिल्या, देशभर असल्या केसेस वाढल्या, आता ही साथ गोव्यात येणार. खाली पालकांना सल्ले. मी सोडून दिलं असतं, पण फोंड्याच्या माझ्या वहिनीने हे वाचून अकरावीतल्या पोरीचा मोबाईल काढून घेतला आणि मला फोन करून विचारते, "गो, हे खरं काय?" नाही. जवळपास काहीच खरं नाही.

"शेवटी ती त्या मुलाशी लग्न करून बाळाला घेऊन सुखाने राहते." लिहिणाऱ्याने पिक्चर बघितलेला नाही हे इथेच कळलं. ती बाळ दत्तक देते. ज्या जोडप्याला द्यायचं ठरलेलं असतं त्यातला नवराच ऐनवेळी संसारातून पाय काढतो, तरी ती बाळ त्या बाईकडेच सोपवते. लग्नबिग्न कुठेच नाही, शेवटच्या सीनला ती आणि तो पोरगा गिटार घेऊन बसलेत एवढंच.

आता त्या 17 मुली. हे प्रकरण ग्लॉस्टर नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या मासेमारीच्या गावातलं. जून 2008 मध्ये टाइम साप्ताहिकाने छापलं की शाळेतल्या 17 मुली गरोदर आहेत आणि त्यातल्या काहींनी आपसात तसं ठरवलं होतं, हेडमास्तरांच्या हवाल्याने. मग तिथल्या महापौर बाईंनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की असा काही करार झाल्याचा पुरावाच नाही. त्यातल्या एका मुलीनेही टीव्हीवर सांगितलं की ठरवून काही नव्हतं, दिवस गेल्यावर एकमेकींना धरून राहू एवढंच बोलणं झालं होतं. पण गंमत पुढेच आहे. त्याच टाइमच्या बातमीत लिहिलंय की शाळेच्या दवाखान्यात टेस्ट करायला मुलींची रीघ लागली म्हणून शाळेने ऑक्टोबरपासूनच लक्ष घातलं होतं. म्हणजे ऑक्टोबर 2007. आणि 'जुनो' अमेरिकेत लागला 5 डिसेंबर 2007 ला, तोही सुरुवातीला मोजक्याच थेटरांत. आता मला सांगा, डिसेंबरात लागलेला पिक्चर बघून ऑक्टोबरात दिवस कसे जातात? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"पिक्चरनंतर अमेरिकेत प्रमाण वाढलं." अमेरिकी सरकारच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे जन्मांचे आकडे कुणालाही बघता येतात. 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे 1991 मध्ये 61.8 जन्म होते, 2007 मध्ये 41.5, आणि 2022 मध्ये 13.6. मध्ये 2005 ते 2007 थोडी वाढ झाली होती हे खरं, पण ती पिक्चर लागायच्या आधीची, आणि 2008 पासून परत उतरण लागली. पिक्चरमुळे कमी झालं असंही मी म्हणत नाही हां, एका पिक्चरने असं काही होत नसतं, ना वर ना खाली.

"आईबाप हसतात." बाप आणि सावत्र आई आधी हबकून गप्पच होतात. ती निघून गेल्यावर दोघं बोलतात तेव्हा एकदोन जोक आहेत, पण सावत्र आई आधी बोलते ते डॉक्टर आणि व्हिटॅमिन यांचं. नंतर सोनोग्राफीच्या खोलीत तिथली बाई पोरीबद्दल खवचट बोलते तर हीच सावत्र आई तिला असं काही सुनावते की बस. शाळेच्या कॉरिडॉरमधून पोट घेऊन चालताना सगळे बाजूला होऊन बघत राहतात तो सीन बघून कुठल्या मुलीला हेवा वाटणार?

ऑस्कर दिल्याचाही राग आहे त्यांना. मिळालं ते पटकथेसाठी, डायब्लो कोडीला. पुढे.

खरं माझं डोकं फिरलं ते सल्ला नंबर तीन वाचून. लिहिलंय, "दुर्दैवाने असं घडलंच तर कुठेही वाच्यता करू नये, मेडिकलमधून गोळ्या आणून घरच्या घरी मोकळं करावं." अरे माणसा! त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात, आणि आपल्या नियमात 9 आठवड्यांपर्यंतच. किती आठवडे झालेत हे घाबरलेली पोरगी सांगणार की तिची आई बोटांवर मोजणार? गर्भ पिशवीबाहेर नळीत रुजला असेल तर गोळीने तो जात नाही, रक्त मात्र जातं, घरच्यांना वाटतं झालं काम, आणि आत नळी फुटली की पोरीच्या जीवावर बेततं. 18 च्या खालच्या मुलीला कायद्याने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, 20 च्या पुढे दोन डॉक्टर लागतात, पालकाची लेखी संमती लागते. लोक घाबरतात पोक्सोला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याला, कारण डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. कुणाशी बोलावं कळत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, रात्री-अपरात्री पण. हे फॉरवर्ड करा ना. लोक काय म्हणतील म्हणून पोरीला बाथरूममध्ये रक्तात बसवायचं आणि वर याला संस्कार म्हणायचं!

"आपल्याकडे हे नव्हतंच." 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 6.8 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि 20 ते 24 वयाच्या 23.3 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं. गोव्यात दोन्ही आकडे बरेच कमी आहेत, पण शून्य नाहीत. या मुलींनी काय 'जुनो' बघितला होता? मंडपात बसवलं की वयाचं कुणालाच काही वाटत नाही.

शाळेतला शरीराच्या माहितीचा तास बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

एक मात्र मान्य करते, मन मारून. दत्तकाचं पिक्चरमध्ये फारच सोपं दाखवलंय. ती फुकट वाटतात त्या जाहिरातींच्या पेपरात जोडपं शोधते आणि बापाला घेऊन त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन ठरवून येते. ते तिकडचं. आपल्याकडे ओळखीपाळखीत, जाहिरात बघून बाळ असं परस्पर देणं-घेणं गुन्हा आहे, कुणी "चांगल्या घरात देतो, गप्प बसा" म्हणाला तरीही. बाळ बाल कल्याण समितीपुढे सोपवावं लागतं, नंतर विचार बदलायला 60 दिवस मिळतात, आणि घेणाऱ्यांना 'कारा' या दत्तकाच्या सरकारी संस्थेकडे नाव नोंदवून रांगेत थांबावं लागतं. पोरीसोबत बघाल तेव्हा एवढं तिला सांगा, वहिनी. आणि मोबाईल तिला परत द्या.