गांडुळाची डागडुजी

रात्रीचे साडेअकरा. जेवणाच्या टेबलावर पिझ्झाच्या खोक्याचं झाकण पसरलंय, त्यावर टेबललॅम्पचा झोत, आणि झोताखाली सात इंची जांभळं गांडूळ पालथं पडलंय. नाकापासून गळ्यापर्यंत फाटलेलं. मी लायटरवर दाभण तापवतोय.

"अजून किती पेशंट आहेत?" बायको जिन्यावरून विचारते.

"चार. एक सीरियस आहे."

गांडूळ अर्थातच प्लास्टिकचं, मासे धरायचं आमिष. आम्ही राहतो टेक्सासात, प्लेनोला. इथं गोड्या पाण्यात लार्जमाउथ बास नावाचा मासा असतो. नावातच मोठं तोंड आहे आणि ते खोटं नाही. हा मासा आमिष चावत बसत नाही. तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. बेचव लागलं तर तितक्याच चपळाईनं थुंकतो. त्यानं थुंकू नये म्हणून गांडुळात मीठ घालतात, कुणी लसणीचा वास घालतात, कुणी बडीशेपेसारखा. रंगांची नावं तर भाजीवाल्याच्या पाटीवरून उचललेली: वॉटरमेलन, ग्रीन पंपकिन. मधेच 'मोटर ऑइल' येतं, तिथं भाजीवाला संपतो.

आता गंमत बघा. मिठामुळे गांडूळ जड होतं, बुडताना सुरेख थरथरतं आणि त्याच मिठामुळे लवकर फाटतं. दहा गांडुळांची पुडी सात-आठ डॉलरना. म्हणजे एक गांडूळ साधारण साठ-सत्तर रुपयांना पडतं. डॉलरचे रुपये करू नयेत, हे इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे सांगतात. पण ज्या माणसानं लहानपणी देवगडच्या खाडीत फुकटच्या कोळंबीवर गरवलंय, त्याला सत्तर रुपयांचं गांडूळ पाण्यात टाकताना हात आखडतो. त्यातून ते बासनं फाडलं तर एक वेळ समजू शकतो. फाडतो कोण, तर ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा चपटा उपटसुंभ. गळ त्याच्या तोंडात मावत नाही, म्हणून लेकाचा नुसती शेपूट कुरतडून जातो.

म्हणून डागडुजी. तापलेलं दाभण फाटेच्या दोन्ही कडांवरून हलकेच फिरवायचं, कडा ओल्यासारख्या चमकल्या की बोटांनी दाबून वीसपर्यंत मोजायचं. मी अठरापर्यंतच पोचतो, कारण वितळलेलं प्लास्टिक बोटाला चिकटलेलं असतं. डोकं गळावरून घसरू नये म्हणून फेविक्विकच्या जातीचा एक थेंब लावतात, तोही मी लावला. एकदा गांडूळ, गळ आणि माझा अंगठा असे तिघं पाऊण तास एकत्र होतो.

गळ गांडुळाच्या मधोमध अडकवायची एक पद्धत आहे. दोन्ही टोकं लोंबतात आणि मासा खुळा होतो. तिथं तर दोन फेकींत गांडुळाचे दोन तुकडे. त्यावर उपाय म्हणजे पोटाला रबरी कडं घालायचं आणि गळ कड्याखालून घ्यायचा. नळाच्या सामानातली कडी चालतात. मला रविवारी रात्री ती कुठं मिळणार? मुलीच्या वेणीचे बारके रबर घेतले. सोमवारी शाळेची बस आली तेव्हा मुलीची एकच वेणी घातलेली होती आणि माझ्या डब्यातली सहा गांडुळं नीटनेटकी होती.

डब्यावरून आठवलं. ही गांडुळं पीव्हीसीची, आणि ती मऊ राहावीत म्हणून त्यांत तेलासारखा पदार्थ असतो. तो स्वस्तातल्या कडक प्लास्टिकला खातो. मला हे कळलं तेव्हा माझ्या नव्या खणाखणाच्या डब्याला गांडुळांच्या आकाराचे खळगे पडले होते. म्हणून ती मूळ पुडीतच ठेवावीत, आडवी, सावलीत. दुसरी एक जात असते, ओढली की रबरासारखी लांब होणारी, पाण्यावर तरंगणारी आणि सहजी न फाटणारी. हिरवी, चिवट, माझ्या स्वभावाला शोभणारी. मी कौतुकानं ती बाकीच्यांबरोबर एकाच पिशवीत घातली. ह्या दोन जातींचं पटत नाही. ऑगस्टमधलं टेक्सासचं गॅरेज, आणि आठवड्यानं पिशवीत सगळ्यांचा मिळून एक निळा-हिरवा-जांभळा हलवा. वड्या पाडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

हलव्यात न सापडता जी वाचली त्यांच्या शेपट्या मुडपल्या होत्या. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलं की शेपटी सरळ होते. अगदी खरं आहे, झाली. पण घाईत मी चहाचं भांडं घेतलं आणि गांडुळं होती लसणीच्या वासाची.

सकाळी बायकोनं चहाचा एक घोट घेतला. कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग भांड्यात नाक घातलं.

मी बचाव तयार ठेवला होता. म्हटलं, "अगं, प्लास्टिकचं पहिलं गांडूळच मुळी घरी, शेगडीवर झालं. 1949 साली, ओहायोतल्या अॅक्रनला. निक क्रीम नावाचा माणूस, आणि त्याची बायको त्याला मदत करत होती. पुढं टेक्सासातच, टायलरला कारखाना काढला त्यांनी!"

"ती त्याची बायको," ती म्हणाली. "मी तुझी आहे."

उरलेसुरले तुकडे वितळवून नवीन गांडुळं ओतायचा माझा बेत तिथंच बारगळला. बरंच झालं म्हणा. पीव्हीसी जास्त तापलं तर घशाला झोंबणारा वाफारा सुटतो, आणि आमचा स्मोक अलार्म फोडणीलाही ओरडतो.

आता फक्त कापाकापी. डोकं फाटलं की अर्धा इंच कापायचं आणि पुन्हा गळाला लावायचं. सातचं साडेसहा, साडेसहाचं सहा, असं करत तीन इंचांवर आलं की तो थोटका तुकडा चपट्या डोक्याच्या शिशाच्या गळावर लावतात. ह्याला इकडे नेड रिग म्हणतात; रिग म्हणजे गळ आणि आमिषाची जुळणी. कॅन्ससकडच्या लोकांनी अर्धं गांडूळ वापरून वापरून त्याचं शास्त्र केलं. आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा शतकानुशतकं होतोय, पण त्याला रिग म्हणायचं सुचलं नाही.

जूनमध्ये बाबा देवगडहून आले. त्यांचं एका दिवसाचं लायसन काढलं आणि रे रॉबर्ट्स तलावावर नेलं. खाडीत गरवण्यात सत्तर वर्षं घालवलेला माणूस. माझा पेटारा उघडून एकेक गांडूळ बोटांत फिरवून पाहिलं. डागलेलं, चिकटवलेलं, वेणीचा रबर घातलेलं.

"ह्या काय? हॉस्पिटल?"

"टिकवतो, बाबा."

"आणि मासो गावलो की?"

"सोडून देतो."

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "म्हणजे मासो सोडतंस," ते सावकाश म्हणाले, "आणि गांडूळ घराक घेवन जातंस."

हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दहाच्या सुमारास लागला. काठी अशी वाकली की मी बाबांना हाक मारली. बास पाण्याबाहेर उडाला, सहज दोन किलोंचा, तोंडाची गुहा उघडून डोकं झटकलं आणि गळ सुटला. त्याच झटक्यात ते हिरवं, चिवट, तीनदा सांधलेलं गांडूळ गळावरून निघून हवेत गेलं आणि दहा फुटांवर पाण्यात पडलं.

"मासो खंय?" बाबा ओरडले. पण मी तोवर जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरलो होतो.

तरंगणाऱ्या जातीचं हे एक बरं असतं. चपला भिजल्या, खिशातला फोन भिजला, पण दुसऱ्या फटक्यात मिळालं. काठावर आलो. बाबांनी जाळ्यातून ते काढून घेतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, उन्हात धरून सांधा तपासला आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.