गल्फात माणूस असलेल्या घरातून

सकाळी फोन हातात घेतला तर आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर इराणवर बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकेच्या बी-टू विमानाचा फोटो. खाली ट्रम्पसाठी ओळ, "राष्ट्राध्यक्ष असावा तर असा!" आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. एक जण तर ओबामांना शेळपट म्हणून मोकळा झाला. दिवसभर गप्प बसले. आज सांजांव, 24 जून 2025, पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पावसात उड्या मारायला विहिरी शोधत फिरताहेत, सणाच्या दिवशी कशाला तोंड उघडा म्हटलं. पण आता राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ टँकरवर आहे. सध्या यूएईतल्या फुजैरा बंदराबाहेर नांगर टाकून. काल रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, गल्फातल्या एकेका देशाने आपलं आकाश बंद केलं, आणि माझी भावजय स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून उभी. "ताई, फोन लागना गो." लेकरू झोपलेलं, म्हणून आवाज दाबून रडत होती. भावाने गेल्या आठवड्यात सांगितलं होतं की जीपीएसचा भरवसा राहिलेला नाही, पडद्यावर जहाज जमिनीवर चढलेलं दिसतं. 17 तारखेला त्याच समुद्रात दोन टँकर एकमेकांवर आदळले. त्या पाण्यात नुसतं उभं राहणंसुद्धा धोक्याचं झालंय, आणि आमच्या ग्रुपवर अंगठे.

आज पहाटे शस्त्रसंधी जाहीर झाली. लगेच दुसरा मेसेज आला, "बघा, दणका दिला की सरळ येतात."

सरळ कोण आलं? 15 जूनला मस्कतमध्ये अमेरिका आणि इराण यांच्या अणुकार्यक्रमावरच्या बोलण्यांची सहावी फेरी ठरली होती. 13 तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि ती फेरी बारगळली. 19 तारखेला ट्रम्प म्हणाले, हल्ला करायचा की नाही ते दोन आठवड्यांत ठरवतो. 22 तारखेला फोर्दो, नतान्झ, इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेचा हल्ला. फोर्दो आणि नतान्झवर मिळून 14 बॉम्ब, एकेक साडेतेरा टनांचा. ज्याच्याशी बोलतोय त्याला तारीख द्यायची आणि तारखेआधी ठोकायचं, याला तुम्ही धोरण म्हणता?

मला हे 1990 पासून माहीत आहे. मी शाळेत होते. बाबा कुवेतला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. 2 ऑगस्टला इराकच्या सद्दामची फौज कुवेतमध्ये घुसली आणि त्या दिवसापासून बाबांचं ना पत्र ना फोन. आई सकाळी कवळ्याला शांतादुर्गेपुढे गाऱ्हाणं घालून यायची आणि संध्याकाळी रेडिओपाशी बसायची. "गो, कितें सांगलें?" मी सांगायची, अमेरिका सैन्य पाठवतेय. "आनी आमच्या मनशांचें?" त्याबद्दल रेडिओ बोलत नसे. त्या चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधायला काका आले. माटोळीची फळं बांधता बांधता ते मध्येच थांबायचे, आईकडे बघायचे आणि परत बांधायला लागायचे.

त्याच ऑगस्टमध्ये आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर गेला आणि गुजरालांवर सगळीकडून टीका झाली. हुकूमशहाला मिठी मारतात, कणाच नाही, वगैरे. टीका खोटी नव्हती. कुवेतच्या लोकांना ती मिठी फार लागली आणि ते आपल्याला लवकर विसरले नाहीत. मान्य. पण त्या भेटीनंतर आपल्या माणसांची वाट मोकळी झाली. एअर इंडियाने अम्मानहून सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय परत आणले. त्यांत माझे बाबा होते.

ते आले तेव्हा चवथ होऊन गेली होती. कुवेत, बसरा, बगदाद, मग वाळवंटातून बसने जॉर्डन. अम्मान ते मुंबई विमान, मुंबई ते फोंडा बस. हातात रेक्झिनची पिशवी आणि पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन. कमावलेल्या सामानाची बॅग वाटेत टाकली होती, कॅन टाकला नव्हता. आईने तो घ्यायला हात पुढे केला तर दिला नाही. आधी विहिरीवर जाऊन भरून आणला, दारात ठेवला, मग पाय धुतले. आम्ही पोरं बघतच राहिलो.

म्हणून शेळपट हा शब्द माझ्यासमोर जपून वापरा.

ओबामांनी 2015 मध्ये इराणशी जो अणुकरार केला त्यात युरेनियमचं समृद्धीकरण 3.67 टक्क्यांच्या वर न्यायची परवानगी नव्हती; ते जितकं वर, तितका बॉम्ब जवळ. साठा 300 किलोपर्यंत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत जात, मोजत, आणि इराण करार पाळतोय असं अहवालात लिहीत. 8 मे 2018 ला ट्रम्प त्यातून उठून गेले. इराण त्यानंतर बंधनं सोडत गेला आणि 2021 मध्ये 60 टक्क्यांवर पोचला. कुलूप आपणच तोडायचं आणि मग चोर आला म्हणून बंदूक काढायची! मला याचा जेवढा राग येतो तेवढा बॉम्बचाही येत नाही. 2020 च्या जानेवारीत ट्रम्पनी इराणचा सेनापती सुलेमानीला मारलं तेव्हाही असेच फोटो फिरत होते. त्यानंतरच्या घबराटीत इराणच्याच क्षेपणास्त्राने युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. 176 माणसं. त्यांचा कुठल्या धोरणाशी संबंध होता?

हो, त्या करारात इराणच्या क्षेपणास्त्रांना हात लावला नव्हता आणि काही अटींना मुदत होती. होत्या त्रुटी. पुढच्याने बसून त्या दुरुस्त करायच्या असतात.

आता कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते: गोवा काय चर्चेने सुटला? नाही सुटला. नेहरूंनी 14 वर्षं वाट पाहिली, 1955 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ऐकला नाही, आणि शेवटी डिसेंबर 1961 मध्ये सैन्य आलं. माझे आजोबा त्या 14 वर्षांबद्दल नेहरूंवर मरेपर्यंत चिडून होते. पण तीच 14 वर्षं हातात होती म्हणून कोणी आपल्याला उतावळे म्हणू शकलं नाही. म्हणायचा प्रयत्न अमेरिकेनेच केला, सुरक्षा परिषदेत, आपले राजदूत स्टीव्हन्सन यांच्या तोंडून. थोरल्या बुशनीही 1990 मध्ये सैन्य पाठवलं नसतं तर कुवेत सुटला नसता, हेही खरं. पण त्यांनी आधी संयुक्त राष्ट्रांचा ठराव घेतला, सद्दामला 15 जानेवारीपर्यंत मुदत दिली, ती पाळली, आणि कुवेत मोकळा झाल्यावर थांबले. बगदादवर गेले नाहीत म्हणून त्यांनाही मऊ म्हणणारे होतेच. त्यांचा मुलगा, धाकटा बुश, 2003 मध्ये बगदादवर गेला. पुढचं सगळ्यांनी पाहिलंय.

बाबा युद्धानंतर परत कुवेतला गेले. घर चालवायला दुसरं काय होतं? दर सुट्टीत आले की रात्री उशाशी तो कॅन भरून ठेवायचे. आई पहिल्यांदा हसायची, नंतर तीच आठवणीने भरून ठेवायला लागली. भाऊ पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा बाबांनी त्याला एवढंच विचारलं, "पाण्याची वेवस्था आसा मरे?" माणसाच्या आत किती खोल जातं हे, आणि कुठल्या राष्ट्राध्यक्षाच्या हिशेबात ते धरलेलं असतं, मला कोणीतरी सांगा.

ज्याने सकाळी तो फोटो टाकला तो वाईट माणूस नाही. बाबा गेले तेव्हा रात्रभर आमच्याकडे बसला होता. त्याला उद्या घरी जाऊन भेटणार आहे. ग्रुपवर भांडणार नाही.

दुपारी भावाचा फोन लागला. ठीक आहे, जहाज तिथेच आहे, खायला-प्यायला आहे, घरी कधी सोडतील माहीत नाही. आपल्या तालुक्यात अशी आणखी घरं आहेत. कोणाचा फोन अजून लागत नसेल तर मला मेसेज करा, भावाच्या ओळखीतले बरेच तारवटी (खलाशी) तिथल्या जहाजांवर आहेत, विचारून बघू. जहाजाचं नाव आणि ठिकाण मात्र कॉमेंटमध्ये लिहू नका.