जमीन विकू नका, असं मी कुठे म्हटलं?

नमस्कार. पुण्याच्या कडेची शेतं तुकड्यातुकड्यानं विकली जातायत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून मांजरीच्या उसासाठी गळा काढणं सोपं आहे, कोथरूडही शेतातच उभं राहिलं, आणि शेतकऱ्यानं जमीन विकून पोरांचं भलं केलं तर माझ्या पोटात का दुखतं?

पहिल्या दोन गोष्टींवर वाद नाही. तिसरी मी लिहिलेलीच नाही. पिकाचा खर्च निघत नसताना जमीन राखा म्हणून सांगणारा मी कोण? माझं भांडण आहे गुंठ्यागुंठ्यानं विकण्याशी. घरं आधी, रस्ता मग, ड्रेनेज कधीतरी, हा जो क्रम पडलाय त्याच्याशी.

धायरी-नऱ्ह्याच्या आतल्या गल्ल्यांत एकदा गाडी घालून बघा. सरळ चाललेली गल्ली एकदम काटकोनात वळते, कारण तिथे कुणाचा तरी बांध होता. बैलगाडीपुरती वहिवाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मजले. टँकरला आत वळायला जागा नाही, म्हणून तो रिव्हर्समध्येच शिरतो आणि मागे स्कूलबस हॉर्न देत बसते. ओढ्यांचंही तेच: नकाशात ओढा, जागेवर पाइप. आंबिल ओढ्याच्या पुरानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं ते आपण पाहिलंय.

आणि न विकणाऱ्याचं काय होतं? शेजारी प्लॉटिंग पडलं की पाण्याची चारी बुजते. मजूर बांधकामावर जातात. शेणखत टाकलं की वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार येते. दोन हंगाम रान पडीक राहिलं की तोही एजंटला फोन लावतो, आणि आपण म्हणतो, स्वखुशीनं विकली.

हडपसरच्या मगरपट्टा सिटीचं, म्हणजे शेतकऱ्यांनीच उभारलेल्या वसाहतीचं, उदाहरण तुम्हीच दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे! तिथे सुमारे १२० कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर एकत्र आणले, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. म्हणून रस्ते आधी आखता आले. टीपी स्कीमही (नगररचना योजना) याच तत्त्वावर चालते, आणि ती आपल्याकडे १९१५ पासून कायद्यात आहे: जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा वजा करायच्या, उरलेले नीट आकाराचे प्लॉट ज्याचे त्याला परत. (बांधावरून कोर्टात गेलेली भावकी एका टेबलाशी बसवणं म्हणजे काय, हे मलाही ठाऊक आहे.)

'गावं महापालिकेत आली की सगळं मार्गी लागेल' हे मात्र पटलं नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आत घेतली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी पुन्हा बाहेर काढली. गावांचा विकास आराखडा येईपर्यंत इमारती उभ्या राहतात, मग रस्त्याची रेघ कुणाच्या तरी बेडरूममधून जाते.

तुमच्या चुलत्यांची मांजरीची दीड एकर अजून हातात आहे, असं तुम्ही लिहिलंय. इसार (विक्रीची आगाऊ रक्कम) घेतला नसेल, तर आधी शेजारच्या खातेदारांशी बोलायला सांगा. पाच-सहा एकर सलग झाली, तरी मधला रस्ता बारा मीटरचा धरता येईल.