‘तीस वर्षांच्या अनुभवाला आणखी काय शिकवणार?’ : वृद्धांवरील उपचारांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : ज्याने तीस वर्षे ओपीडी चालवली त्याला म्हाताऱ्या माणसांवर उपचार कसे करावेत हे कोणी शिकवण्याची गरज नाही, वृद्ध म्हणजे तेच शरीर, फक्त डोस थोडा कमी, वैद्यकाची मूळ तत्त्वे काही बदलत नाहीत, सीएमई (डॉक्टरांचे निरंतर शिक्षण) म्हणजे औषध कंपन्यांची जेवणावळ आणि क्रेडिट पॉइंटांचा बाजार, आणि खरोखरच गुंतागुंत असेल तर त्यासाठी तज्ज्ञ आहेतच. यातील एक विधान बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याच्या जोरावर उरलेली चार खपून जातात, म्हणून प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

पहिले विधान अनुभवाचे. अनुभव शिकवतो हे खरेच, परंतु चूक आपल्या दारी परत आली आणि आपण ती ओळखली तरच शिकवतो. टाक्यांतून पू आला तर सर्जनला चार दिवसांत कळते. वृद्धांच्या बाबतीत मात्र आपली चूक परत येते ती दुसरेच नाव घेऊन, आणि ते नाव बहुतेक वेळा ‘वय’ असते.

माझ्याच हातून घडलेला प्रसंग सांगतो. शहात्तर वर्षांच्या एका आजींना चक्कर येत होती म्हणून मी सिनॅरिझीन सुरू केले, दिवसातून तीन वेळा. चक्कर कमी झाली. माझी चिठ्ठी दाखवून घरची मंडळी मेडिकलमधून गोळ्या नेत राहिली आणि बघता बघता दीड वर्ष गेले. मधल्या काळात आजींचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, ब्लाउजची हुके लावणे जमेना. दुसऱ्या एका डॉक्टरांनी कंपवात (पार्किन्सन) समजून त्यावरचे लेव्होडोपा दिले आणि थरथर थांबेना म्हणून पुढे ट्रायहेक्सीफेनिडिल जोडले. त्यानंतर बद्धकोष्ठ, लघवी अडखळणे आणि संध्याकाळी मुलाला न ओळखणे हे सगळे ओळीने आले. सून प्लास्टिकच्या पिशवीत अकरा औषधांच्या पट्ट्या घेऊन आली तेव्हा प्रत्येक तक्रारीवर घरच्यांचे आणि माझेही उत्तर एकच होते, ते म्हणजे आता वय झाले. सिनॅरिझीन मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहींना अडवते आणि त्यातून कंपवातासारखे चित्र उभे राहू शकते, हे मला एका केस चर्चेत बसल्यावर उमगले. ती गोळी थांबवली, मग बाकीची दोन औषधे टप्प्याटप्प्याने काढली, आणि थरथर ओसरायला पाच महिने लागले. त्या दीड वर्षात मी आजींना निदान सहा वेळा तपासले होते, आणि चक्कर थांबली असल्याने दर वेळी माझ्या अनुभवाने मला हेच सांगितले होते की औषध उत्तम लागू पडले आहे.

हा एकट्या माझा गाफीलपणा म्हणून सोडून देता येत नाही. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात डॉक्टरांची व्यवसायातील वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणारे ६२ अभ्यास एकत्र पाहिले होते, त्यांतील निम्म्याहून अधिक अभ्यासांत जसजशी वर्षे वाढली तसतसा तपासलेल्या सर्व बाबतींत दर्जा घसरलेला आढळला. पुढे २०१७ साली ‘बीएमजे’मध्ये अमेरिकेतील ६५ वर्षांवरील रुग्णांचा अभ्यास आला. हॉस्पिटलात दाखल झालेल्या रुग्णांपैकी तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण चाळिशीच्या आतील डॉक्टरांकडे १०.८ टक्के, तर साठी ओलांडलेल्या डॉक्टरांकडे १२.१ टक्के होते. त्याच अभ्यासातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : भरपूर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये वयानुसार असा फरक दिसला नाही. संदेश लिहिणारा यावर ‘बघा, सरावच तारतो’ असे म्हणेल. परंतु ते हॉस्पिटलात काम करणारे डॉक्टर होते. तिथे निर्णय सहकारी, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या डोळ्यांखालून जातो, चूक दडून राहत नाही. एकट्याच्या दवाखान्यात तशी सोय नसते. हा माझा तर्क आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.

दुसरे विधान ‘तेच शरीर, डोस कमी’ असे आहे, आणि त्याला एक साधे गणित पुरते. ब्याऐंशी वर्षांची, ४२ किलो वजनाची स्त्री घ्या आणि तिचे सीरम क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२ आहे असे धरा. लॅबच्या कागदावर हा आकडा मर्यादेच्या काठावर दिसतो, त्यामुळे आपण ‘किडनी ठीक’ म्हणून पान उलटतो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. उत्तर मिनिटाला सुमारे २४ मिलिलिटर येते, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा हा अंदाज. तोच १.२ हा आकडा ३० वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या स्त्रीचा असता तर उत्तर ६५ आले असते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. या बाईंच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, म्हणून रक्तातला आकडा साळसूद दिसतो. लघवीच्या संसर्गावर सर्रास लिहिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन हा वेग ३० च्या खाली असेल तर टाळायचे असते, तिथे अर्धा डोस हे उत्तर होत नाही. आजारसुद्धा वेगळ्या वेषात येतात : न्युमोनियाला ताप नसतो, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखत नाही, फक्त कालपर्यंत चालते असलेले माणूस आज उठत नाही.

तिसरे विधान मूळ तत्त्वांचे. शरीरशास्त्र बदलत नाही हे मान्य, पण आपण चिठ्ठीवर तत्त्वे लिहीत नाही, औषधे लिहितो. साठीनंतर ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून रोज ॲस्पिरिन देणे आम्ही कॉलेजात शिकलो आणि इमानेइतबारे पाळले. मुख्यतः सत्तरीपुढच्या १९,११४ निरोगी व्यक्तींवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेल्या ‘ॲस्प्री’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले : ॲस्पिरिनने अपंगत्वाविना जगण्याची वर्षे वाढली नाहीत आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र २.८ वरून ३.८ टक्के झाले. (ज्यांना आधी झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांची गोष्ट निराळी, हे वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये.) वृद्धांत शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी मार्क बीअर्स यांनी १९९१ साली प्रथम तयार केली, आणि आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती काही वर्षांनी सुधारत असते. तिच्या २०२३ च्या आवृत्तीत केवळ प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये असे आहे, आणि रक्तातील साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा वर्ग मधुमेहाचे पहिले औषध म्हणून वापरू नये असेही आहे. आपल्याकडे तर हे औषध गल्लोगल्ली लिहिले जाते, आणि पहाटे साखर उतरून बाथरूममध्ये पडलेल्या आजोबांच्या केसपेपरवर ‘पाय घसरला’ एवढीच नोंद होते.

आता चौथे, जे बऱ्याच अंशी खरे आहे. डॉक्टरांनी पाच वर्षांत निदान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे असे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमांत आहे, आणि आपल्या राज्यात नूतनीकरणासाठी ३० पॉइंट दाखवावे लागतात. कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर २००९ च्या दुरुस्तीने बंदी आणली. तरीही हॉटेलातील सभागृह, नव्या गोळीवरचे पाऊण तासाचे व्याख्यान, नोंदवहीत सही आणि मग बुफे हा क्रम कोणाला अनोळखी आहे? मीही त्या रांगेत प्लेट घेऊन उभा राहिलो आहे. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांचे वागणे बदलत नाही, हे १९९९ सालीच ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातील एका आढाव्याने दाखवले होते. परंतु त्याच आढाव्यात असेही आढळले की जिथे डॉक्टरांना स्वतः केस सोडवावी लागते, प्रश्नोत्तरे होतात आणि सराव करून घेतला जातो, तिथे फरक पडतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे नंतरचे आढावेही शैक्षणिक बैठकांनी प्रत्यक्ष व्यवहारात सरासरी सहा-सात टक्क्यांची सुधारणा होते असेच सांगतात. हा आकडा थोडा आहे, शून्य नाही. म्हणजे तक्रार करायची तर शिक्षणाच्या पद्धतीविरुद्ध आणि त्याच्या यजमानाविरुद्ध करावी. संदेश मात्र बुफे वाईट म्हणून स्वयंपाकच नको म्हणतो. खरे तर त्याने विचारायचा प्रश्न दुसराच होता : दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांत निम्मी डोकी पांढरी असताना ३० तासांच्या त्या नियमात वृद्धांच्या आजारांसाठी एकही तास वेगळा का राखलेला नाही?

राहिले तज्ज्ञ. भारतात वृद्धोपचार (जेरियाट्रिक्स) या विषयातील एमडी पहिल्यांदा १९९६ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाली आणि एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात हा विषय २०१९ पासून आला. त्याआधी बाहेर पडलेल्या आमच्या पिढ्यांनी वृद्धोपचार असे काही वेगळे शिकलेच नाही. आणि २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते. तालुक्याच्या गावात त्यांना पाहतात ते फॅमिली डॉक्टर, त्यांतले कितीतरी बीएएमएस. रात्री पाहतात त्या परिचारिका आणि मावशी. म्हणून शिक्षण त्यांच्यापर्यंत जायला हवे. अमेरिकेतील येल येथे हॉस्पिटलात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भ्रम (आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) टाळण्यासाठी जे केले ते असे : चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी ठेवणे, तारीख-वार सांगत राहणे, पाणी पाजणे, लवकर चालवणे, आणि झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध देऊन पाठ चोळणे. यातील बरीचशी कामे प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केली. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, या वॉर्डात ९.९ टक्के.