ती क्लिप मायक्रोस्कोपची नाही, आणि कार्टूनही नाही

सोलापुरातल्या क्लासेसच्या आणि विज्ञान शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक क्लिप फिरते आहे. पाण्यात थरथरणारं प्रोटीन, रंगीत गोळे, आणि खाली मजकूर: 'महाशक्तिशाली मायक्रोस्कोपने टिपलेले अणूंचे प्रत्यक्ष चित्रण, हजारपट स्लो मोशनमध्ये. रंग खरे. मधेच एक रेणू भिंतीत शिरून पलीकडून निघतो, विज्ञानाकडे उत्तर नाही! बंध तुटताना पाहा.' मी एमएस्सीच्या मुलांचं रेणू-मॉडेलिंगचं प्रात्यक्षिक घेतो, त्यामुळे दिवसाआड कुणीतरी ती मलाच पाठवतं.

'प्रत्यक्ष चित्रण.' नाही. डाव्या कोपऱ्यात एक्स-वाय-झेडचे तीन बाण दिसतात ना, ते व्हीएमडी या रेणू पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे. अणू कसे हलतील याचं संगणकावर केलेलं गणित त्यात चित्ररूपात दाखवलं आहे. ते कापायची तसदीही कुणी घेतलेली नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, आणि दोन कार्बनमधला साधा बंध 0.154 नॅनोमीटरचा, त्या प्रकाशात अणू वेगळा दिसणार कसा? स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप 1981 पासून आहे आणि तो अणू दाखवतो, पण पृष्ठभागावर बसलेले. पाण्यात वळवळणाऱ्या प्रोटीनचा एकेक अणू नव्हे.

'रंग खरे.' रसायनशास्त्रज्ञ होफमनने 1865 मध्ये लंडनच्या व्याख्यानात अणू म्हणून क्रोके खेळातले रंगवलेले चेंडू वापरले, तेव्हापासून ऑक्सिजन लाल आणि नायट्रोजन निळा ही रीत आहे. कार्बनचं विचाराल तर व्हीएमडी तो फिरोजी दाखवतं आणि पायमॉल हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर हिरवा. खरा कुठला, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

'भिंतीतून आरपार.' यावर क्वांटम टनेलिंगपासून अध्यात्मापर्यंत सगळं वाचून झालं. कारण साधं आहे. गणितासाठी काही हजार पाण्याचे रेणू एका डब्यात घेतात. डबा इतका छोटा की रेणूंचा मोठा वाटा भिंतीलाच टेकेल आणि पाणी पाण्यासारखं वागणार नाही. म्हणून तोच डबा सगळ्या बाजूंनी पुन्हापुन्हा मांडला आहे असं धरतात. उजवीकडून बाहेर पडलेला रेणू त्याच क्षणी डावीकडून आत येतो. कधी अर्धा रेणू इकडे, अर्धा तिकडे, आणि मधे डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली बंधाची काडी! ग्रोमॅक्समध्ये, म्हणजे असं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे सरळ करायला एक कमांड पुरते. क्लिपवाल्याने ती दिली नाही, एवढंच गूढ.

'बंध तुटताना पाहा.' नेहमीच्या गणितात बंध म्हणजे स्प्रिंग. ती ताणते, तुटत नाही. बंध तुटणं दाखवायला वेगळ्या पद्धती लागतात. व्हीएमडी मात्र काड्या अणूंमधल्या अंतरावरून काढतं. एरवी त्या पहिल्याच फ्रेमवरून ठरतात. 'डायनॅमिक बाँड्स' निवडलं की प्रत्येक फ्रेमला नव्याने ठरतात, आणि अंतर जरा वाढलं की काडी गायब. रसायनात काहीच घडलेलं नसतं. क्लासमध्ये 'अभिक्रिया' म्हणून हे दाखवू नका, कृपा करा.

'हजारपट स्लो मोशन' हा दावा सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो आणि सगळ्यांत जास्त चुकलेला आहे. गणित बहुधा 2 फेम्टोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालतं (सेकंदाला 1 वर 15 शून्यं इतक्या संख्येने भागलं की एक फेम्टोसेकंद). प्रत्येक पायरी साठवली तर डिस्क भरून जाईल, म्हणून समजा दर 5,000व्या पायरीला, म्हणजे 10 पिकोसेकंदांनी (हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद), अणूंच्या जागा नोंदवल्या. सेकंदाला 25 फ्रेम दाखवल्या की पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे 250 पिकोसेकंद. वेग मंदावला चारशे कोटी पट!

आणि नोंदींच्या मधलं सगळं हरवलं. प्रोटीनमधल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचं एक कंपन साधारण 20 फेम्टोसेकंदांचं. म्हणजे दोन फ्रेममध्ये अशी 500 कंपनं होऊन जातात. यंत्रमागावर धोटा पाचशे खेपा मारून झाल्यावर एक फोटो काढावा, तसं. ज्या बंधांच्या एका टोकाला हायड्रोजन अणू आहे, त्यांची लांबी तर 2 फेम्टोसेकंदांची पायरी टिकावी म्हणून गणितातच गोठवलेली असते. त्यामुळे क्लिपमधली थरथर म्हणजे बंधांचं कंपन नव्हे, विरळ नोंदींमधल्या उड्या आहेत. वर कुणी स्मूदिंग लावलं असेल, म्हणजे लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढून हालचाल गुळगुळीत केली असेल, तर अणूंच्या जागाच बदलतात आणि पाण्याचे रेणू आक्रसलेले दिसतात. दिसायला छान, मोजायला निरुपयोगी.

हे सगळं सांगितलं की ग्रुपवर दुसरं टोक येतं: 'म्हणजे नुसतं ग्राफिक्स, थापा.' तेही चूक. गोळे कुणी हाताने हलवलेले नाहीत. प्रत्येक अणूवरचं बल काढून न्यूटनच्या नियमाने पुढची जागा काढलेली असते. आपल्या शेजारच्या हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू असेच संगणकावर चालवले, आणि ते किती वेगाने पसरतात याचा आलेला आकडा प्रयोगातल्या आकड्याच्या जवळ होता. प्रोटीनचं पहिलं असं गणित 1977 चं, जेमतेम 9.2 पिकोसेकंदांचं.

तेव्हा क्लिप पाठवणाऱ्याकडे एमपी4 ऐवजी ट्रॅजेक्टरी फाइल मागा. अणूंच्या जागा तिच्यात आकड्यांत असतात, अंतरं आणि कोन त्यातून काढता येतात. नसेल, तर निदान दोन फ्रेममध्ये किती पिकोसेकंद आहेत, एवढं तरी विचारा.